जागा बदलणारा आघात

इंग्रजी उच्चार शिकवणाऱ्याला सामासिक विशेषणांपाशी थबकावेच लागते. सामासिक नामांचे त्या मानाने सोपे असते: ‘ब्लॅकबोर्ड’, ‘ग्रीनहाउस’ अशा बहुतेक शब्दांत जोर पहिल्या पदावर. विशेषणांत तो पुष्कळदा दुसऱ्या पदावर जातो. ‘ओल्ड-फॅशन्ड’मध्ये ‘फॅ’वर, ‘सेकंड-हँड’मध्ये ‘हँड’वर. पण एवढे सांगून पुढच्या धड्याकडे वळणे मला पटत नाही, कारण हेच विशेषण नामाआधी आले की जोर मागे सरतो. ‘द कार इज सेकंड-हँड’मध्ये ‘हँड’ ठळक, ‘अ सेकंड-हँड कार’मध्ये ‘से’ ठळक. पुढे ‘कार’चा स्वतःचा आघात उभा असतो, आणि दोन जोरकस अवयव (सिलेबल) एकमेकांना खेटून आलेले इंग्रजीला सहसा रुचत नाहीत. तेव्हा या विशेषणांचा आघात एकट्या शब्दापुरता सांगून भागत नाही. तो शेजारचा शब्द पाहून ठरतो. जॉन वेल्स यांच्या १९९०च्या लाँगमन उच्चारकोशात अशा शब्दांपुढे मुद्दाम वेगळी खूण केलेली आहे. ती वाचायला शिकवलेच पाहिजे.

अवयवांची सीमा मात्र अशी हलत नाही, ती समासाच्या सांध्यालाच धरून राहते. ‘सेल्फिश’ आणि ‘शेलफिश’ लागोपाठ ऐकावेत. वेल्स यांच्या मांडणीनुसार पहिल्यात ‘फ’ आधीच्या अवयवात जातो, म्हणून ‘सेल’ आखडतो. दुसऱ्यात सांधा ‘फ’च्या आधी आहे, म्हणून ‘शेल’ जरा रेंगाळतो. ‘एअरटाइट’मधला ‘ट’ही दुसऱ्या पदाच्या आरंभीचा, म्हणून श्वासाच्या झोतासह येतो. लघु-गुरूच्या मात्रा मोजणाऱ्या मराठी कानाला हा काळातला फरक लवकर उमगतो. जोरातला उमगायला वेळ लागतो.

‘एअरटाइट’, ‘होमसिक’ यांत जोर पहिल्याच पदावर असतो, मग नियम उरला कुठे, असे कुणी विचारेल. ते शब्द पाठच करावे लागतात, हे मान्य. पण त्यांचा जोर आधीच पहिल्या पदावर असल्याने तो मागे सरण्याचा प्रश्नच येत नाही; नियम त्यांनी मोडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळे सपाट बोलले तरी आपसात समजतेच की. समजते, आणि लंडनची ढब उचलावी असा माझा मुळीच आग्रह नाही. मात्र आघातावरून शब्द ओळखण्याची सवय असलेल्या श्रोत्याला सपाट वाक्यात ‘ग्रीनहाउस’ म्हणजे रोपांचे काचघर की हिरव्या रंगाचे घर, हे संदर्भावरूनच ताडावे लागते. म्हणून सुट्या शब्दांच्या यादीपेक्षा ‘द जॅम इज होम-मेड’ आणि ‘होम-मेड जॅम’ अशा जोड्या मोठ्याने म्हणवून घ्याव्यात, तेही शाळेपासूनच.