माझ्या रक्तात काय निघालं?

मी सहावीत असताना आमच्या शाळेत पांढऱ्या कोटातले काही लोक आले. आम्हाला रांगेत उभं केलं, बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला आणि निघून गेले. "कसलंसं संशोधन आहे," एवढंच गुरुजी म्हणाले. माझ्या बाकावरचा दोस्त सारखा आजारी असायचा. तो कितीतरी दिवस विचारत होता, "गुरुजी, माझ्या रक्तात काय निघालं?" गुरुजींना तरी कुठं कुणी कळवलं होतं! पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली.

म्हणूनच गडचिरोलीची हकिगत वाचताना मी सावरून बसलो. तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ पासून काम करतात. खेड्यापाड्यांत लहान मुलं न्यूमोनियाने दगावत आणि डॉक्टर तर कोसावर. तेव्हा गावातल्या सुइणींनाच शिकवायचं ठरलं. न्यूमोनियात मूल भराभर श्वास घेतं, ते श्वास मिनिटभर मोजावे लागतात. पण कित्येक सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजताच येईना! तुम्ही काय केलं असतं, सांगा बरं?

तिथे एक साधं साधन तयार झालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओळीत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनिया! उत्तर त्याच घरात, आईच्या डोळ्यांदेखत.

पुढे ३९ गावांत तिथल्याच बायका घरोघरी जाऊन नवजात बाळांना तपासू लागल्या. वजन करायच्या, नोंदी ठेवायच्या, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांचा हिशेब धरून, नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात ते छापून आलं. म्हणजे बघा, कालपर्यंत ज्यांना 'अडाणी' म्हणत, त्यांच्या नोंदी जगभरचे डॉक्टर वाचू लागले.

आता आपल्याकडे नियम आहे. संशोधनासाठी मुलांना तपासायचं, तर आईबाबांची संमती लागते आणि १२ वर्षांपुढच्या मुलांची स्वतःची लेखीसुद्धा. तुमच्यासमोर असा कागद आला, तर सही करण्याआधी खुशाल विचारा, "निकाल आम्हाला कधी सांगणार?" माझा दोस्त तेवढंच तर विचारत होता.