खुरप्याची गोष्ट

परवा नातवाला "अभ्यास केला नाहीस तर हमाली करावी लागेल" असे म्हणता म्हणता जीभ चावली. एक जुना प्रसंग आठवला.

माझे बी.ए. साताऱ्याला 'कमवा आणि शिका' योजनेत झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिथे अंगमेहनत हा शिक्षणाचाच भाग. सकाळी शेतात खुरपणी, मग वर्ग. हाताला फोड यायचे. पुढे शिक्षक झाल्यावर मात्र ते दिवस मी कुणालाच सांगितले नाहीत.

एकदा वर्गात एका मुलाला हेच वाक्य बोललो. मुले हसली. तास संपल्यावर तो जवळ येऊन म्हणाला, "सर, माझे वडील हमालच आहेत."

मला रात्रभर झोप लागली नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांच्या मजुरीची, भविष्य निर्वाह निधीची सोय केली. मान मात्र कायद्याने मिळत नाही, तो तुम्ही-आम्हीच द्यायचा असतो. आणि मी तर स्वतःच्या कष्टांनाही तो दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि माझ्या खुरप्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच.

परवा नातवालाही तीच सांगितली. अभ्यास त्याने केला नाहीच. पण गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.