उसनें गाणें, स्वतःचा आवाज

दुसऱ्याचें गाणें गाणारा तो नक्कल्या, आणि स्वतः रचणारा तोच खरा कलावंत, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. आमच्या परभणी जिल्ह्यांत तरी तो टिकूं नये. संत जनाबाईंचें गंगाखेड याच जिल्ह्यांतलें. त्यांचे अभंग किती पिढ्यांनीं म्हटले! शब्द तेच, पण प्रत्येक आजीचा जनाबाईचा अभंग निराळा. गाणें एकाचें, गळा दुसऱ्याचा. आणि कधीं कधीं मनांत गळाच राहून जातो. आमच्या काळांतील याचें ठसठशीत उदाहरण म्हणजे गायिका उषा उत्थुप.

त्यांचा जन्म मुंबईस ७ नोव्हेंबर १९४७ रोजीं एका तामिळ कुटुंबांत झाला. वडील पोलीस खात्यांत होते. भायखळ्यास मिशनऱ्यांच्या शाळेंत शिकत असतां त्यांस गाण्याच्या वर्गांतून बाहेर काढण्यांत आलें. कारण एवढेंच कीं, त्यांचा भरदार, खर्जाकडे झुकणारा आवाज इतर मुलींच्या गळ्यांत मिसळेना. तरी या मुलीच्या अंगीं संगीत आहे हें शिक्षकांनीं ओळखलें आणि वाजविण्यास ट्रँगल तेवढा तिच्या हातीं दिला. समूहगीत बसविणाऱ्यास सर्व गळे एका मापाचे हवे असतात. हा त्याचा लोभ आहे, गुन्हा नव्हे. पण लोभाची किंमत मुलाला द्यावी लागते.

गेल्या वर्षीं एक पालक आम्हांस भेटावयास आले. म्हणाले, “सर, आमच्या पोरीचा आवाज पुरुषी आहे. तिला प्रार्थनेस पुढें उभी करूं नका; लोक हसतात.” गृहस्थ सज्जन होते, मुलीची अब्रू राखावी एवढाच त्यांचा हेतु. त्यांची गोष्ट पुढें सांगूं.

उषाबाईंनीं १९६९ सालीं मद्रासच्या नाइन जेम्स या नाइट क्लबांत गावयास सुरुवात केली. (हीं स्थळें आम्ही विद्यार्थ्यांस सुचवीत नाहीं, हें सांगणें नको.) अशा ठिकाणीं गाणारी बाई झगा घालून येणार अशी श्रोत्यांची समजूत, या आल्या कांजीवरम साडी नेसून, कपाळीं ठळक कुंकू लावून, आणि गाइल्या इंग्रजी गाणीं. गाणीं परक्यांचीं, पण तो वेष आणि तो आवाज जगांत दुसऱ्या कोणाचा नव्हता.

पुढें १९८० च्या सुमारास डिस्कोची लाट आली. ‘प्यारा दुश्मन’ (१९८०) या चित्रपटांत बप्पी लाहिरी यांनीं त्यांच्याकडून ‘हरि ओम हरि’ गाऊन घेतलें. त्याची चाल ‘वन वे टिकट’ या गाण्याची. तें १९५९ मध्यें नील सेडाका यांनीं गाइलें होतें आणि १९७८ मध्यें इरप्शन या मंडळींनीं डिस्कोच्या ठेक्यावर बसविलें होतें. दोन वर्षांनीं ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधील ‘कोई यहां नाचे नाचे’ हें गाणें आलें. नांव डिस्कोचें, पण चाल बगल्स या इंग्लिश जोडीच्या १९७९ सालच्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ची, म्हणजे ज्यास न्यू वेव्ह म्हणतात त्या वळणाची : यंत्रांतून काढलेले थंड, स्वच्छ सूर आणि तुटक उच्चार. चित्रांच्या युगांत रेडिओवरील गायक मागें पडला, अशी मूळ गाण्याची खंत. अमेरिकेंत एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजीं सुरू झाली, तेव्हां तिनें पहिलें हेंच गाणें दाखविलें! हिंदींत ती खंत गळाली, नाच राहिला. मूळ चालीचा धनी न सांगतां चाल उचलण्याची चित्रपटवाल्यांची रीत आम्हांस पसंत नाहीं. उसनें घ्यावें, पण सावकाराचें नांव सांगावें. मात्र एक खरें कीं, त्या थंड चालींत उषाबाईंचा आवाज शिरला आणि ती ऊबदार झाली.

२०११ सालीं ‘सात खून माफ’ चित्रपटांतील ‘डार्लिंग’ हें गाणें त्या रेखा भारद्वाज यांच्यासह गाइल्या. त्याची चाल ‘कालिंका’ या जुन्या रशियन गाण्यावरची. २०२३ मध्यें, पंचाहत्तरी गांठल्यावर, मायली सायरस या अमेरिकन तरुणीचें ‘फ्लॉवर्स’ त्यांनीं गाइलें आणि तें मोबाइलवर घरोघर फिरलें. पुढच्याच वर्षीं त्यांस पद्मभूषण मिळालें.

तेंच गाणें आम्ही त्या पालकांस ऐकविलें. ते शेवटपर्यंत गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, “बाई आहे होय ही?” चर्चच्या चार स्वरांच्या गायनांत बायकांच्या खालच्या आवाजास आल्टो म्हणून स्वतंत्र स्थान असतें, हें आम्ही त्यांस समजावून सांगितलें. यंदाच्या नाताळच्या गायनांत तो स्वर त्यांच्या मुलीकडे आहे. ती अजून जरा भीत भीत गाते.