कमरेला बांधलेला माग

ग्वाटेमालाच्या डोंगराळ गावांत माया बायकांच्या मागाला चौकट नसते. त्याचं एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधायचं, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. बाई गुडघ्यांवर बसते. मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो. कापडाची रुंदी तिचे हात पोचतील तेवढीच. उतरलेल्या पट्टीला चारही बाजूंनी काठ असतो. अशा दोन-तीन पट्ट्या जोडल्या की झाला विपील, म्हणजे त्यांचा अंगरखा. कात्री लागलीच तर गळ्यापुरती.

त्यावरची नक्षी भरतकाम वाटते, पण पुष्कळदा ती विणतानाच जादा बाण्याने उठवलेली असते. चिचिकास्तेनांगोच्या विपीलवर गळ्याभोवती सूर्य फाकलेला असतो. त्यातून डोकं बाहेर आलं की बाई थेट सूर्याच्या मधोमध उभी! मला तर याहून देखणी कल्पना कुठल्याही वस्त्रात दिसलेली नाही. सांतियागो आतित्लानच्या विपीलवर पक्षी असतात. गावागणिक नक्षी वेगळी, आणि जाणकाराला ती पाहूनच गाव कळतं. विणण्याची ही कला फार जुनी आहे: याश्चिलान या प्राचीन माया नगरातल्या एका शिल्पपट्टावर इ. स. 709 मधल्या विधीचं दृश्य आहे. त्यातल्या राणीच्या वस्त्राची वीण कोरणाऱ्याने केवढ्या मायेने दगडात उतरवली आहे!

नक्षीवरून पटणारी गावाची हीच ओळख पुढे जिवावर उठली. ग्वाटेमालातल्या 1960 ते 1996 च्या यादवीत दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. त्यांतली बहुसंख्य माया. 1980च्या दशकाच्या आरंभी लष्कर गावंच्या गावं जाळत होतं, तेव्हा अंगावरच्या नक्षीवरून गाव ओळखू येऊ नये म्हणून कितीतरी बायकांनी आपला पोशाख उतरवला. आजीने शिकवलेली वीण लपवावी लागणं, हे घर सुटण्याइतकंच जिव्हारी लागणारं आहे. म्हणूनच 1992 मध्ये किचे या माया समाजाच्या रिगोबेर्ता मेंचू विपील घालून शांततेचं नोबेल घ्यायला उभ्या राहिल्या, याचं मोल मला फार वाटतं.

आता धोका बाजाराचा आहे. गावाची नक्षी यंत्रावर छापून स्वस्तात विकली जाते. नक्षीचा कर्ता कोण, असं कायदा विचारतो. इथे कर्ता म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचं अख्खं गाव. विणकरणींनी 2016 मध्ये घटनात्मक न्यायालयाकडे धाव घेतली, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने संसदेला या सामूहिक हक्कासाठी कायदा करायला सांगितलं. त्यांची मागणी मला पूर्ण रास्त वाटते: नक्षी गावाची, तर तिच्यावरचा हक्कही गावाचा.