जागच्या जागी

गेले तीन महिने मी दर मंगळवारी आणि शनिवारी पहाटे साडेपाचला सायकलवर बसतो आणि सव्वासहाला उतरतो. उतरतो तिथेच, जिथे बसलो होतो. म्हणजे आमच्या हॉलमध्ये, दिवाण आणि शोकेसच्या मध्ये. बँकेत वीस वर्षं एका खुर्चीत काढल्यामुळे जागच्या जागी राहून दमण्याची मला सवय आहेच.

कारण असं, की माझे वडील ४९व्या वर्षी हृदयविकाराने गेले. तेही बँकेत कारकूनच होते. मला यंदा ४६ पूर्ण झाली. मी कॉमर्सचा पदवीधर. ही वजाबाकी मला डॉक्टरांच्या आधी जमली. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट केली, कागद पाहिला आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. पण आता व्यायाम करा."

चिरंजीवांनी आपली जुनी सायकल दिली. तिचं मागचं चाक एका लोखंडी घोडीत अडकवलं. हिला ट्रेनर म्हणतात. माझ्या छातीला एक पट्टा बांधला. तो हृदयाचे ठोके मोजतो आणि मोबाइलवर आकडा दाखवतो. पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू गव्हाचा डबा घेऊन वर आल्या. "घरघंटी घेतलीत वाटतं! आमचंही दोन किलो द्या दळून."

आता हिशेब. २२० मधून वय वजा करा, म्हणजे जास्तीत जास्त ठोके मिळतात. माझे १७४. दुसरं सूत्र म्हणतं, वयाला ०.७ने गुणून ते २०८ मधून वजा करा. माझे १७६. दोन ठोक्यांचा फरक! पूर्वी दोन रुपयांच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत शाखेत बसलेलो आहोत. पण चिरंजीव म्हणाले, "बाबा, दोन्ही अंदाजच आहेत. माणसामाणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात." ज्या खात्यात एवढी तफावत चालते, त्याच्यावर माझा जीव अवलंबून होता.

बेत साधा होता. दहा मिनिटं अंग गरम करायचं. मग चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असे चार फेरे; जोराच्या वेळी ठोके १४८ ते १६५. मी जोर लावला. आकडा ११२. आणखी लावला. १२०. मी चिडून दात-ओठ खाऊन पायडल मारले, आणि तिसऱ्या मिनिटाला आकडा एकदम १७०वर जाऊन बसला. मी हँडलवर आडवा झालो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, आवाज का बंद झाला?" या प्रश्नात काळजी किती आणि आनंद किती, हे मला अजून कळलेलं नाही.

नंतर उमगलं. पाय चेक फाडतात तो याच क्षणी. हृदय मात्र तो क्लिअरिंगला घेतं. काम वाढल्यावर ठोके पुरते चढायला एक-दोन मिनिटं लागतात. म्हणून पहिलं दीड मिनिट आकड्याकडे बघायचंच नाही. श्वास किती लागतो, तुटक का होईना बोलता येतं का, ते बघायचं. शिवाय पंखा हवा. "घाम यायलाच हवा ना?" म्हणून हिने एकदा पंखा बंद केला, तर त्याच गिअरवर ठोके आठाने वाढले. अंग थंड ठेवायला हृदयाला ओव्हरटाइम करावा लागतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत गेर्शलर नावाचे प्रशिक्षक आणि राइंडेल नावाचे हृदयाचे डॉक्टर यांनी धावपटूंसाठी ही पद्धत बसवली. ठोके १८०पर्यंत चढवायचे, मग १२०पर्यंत उतरू द्यायचे. (१८०चा ओव्हरड्राफ्ट मला मंजूर नाही.) उतरायला दीड मिनिटापेक्षा जास्त लागलं, तर समजायचं, काम जास्त झालं. गेर्शलरांचा शिष्य हार्बिग १९३९ साली मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. तो विक्रम १६ वर्षं टिकला. आणि या दोघांचं म्हणणं काय, तर हृदय तयार होतं ते पळताना नव्हे, मधल्या विश्रांतीत. 'इंटरव्हल' हे नावसुद्धा पळण्याचं नाही, त्या मधल्या वेळेचं आहे.

हे कळलं त्या दिवशी मला वडील आठवले. बँकेतून आले की दोन दुकानांच्या वह्या लिहायला बसायचे. आई म्हणायची, जरा टेका. ते म्हणायचे, "टेकतो, एवढा हिशेब जुळू दे." त्यांच्या आयुष्यात जोराची चार मिनिटं भरपूर होती, मधली तीन मिनिटं कधी आलीच नाहीत. आली असती तर काय झालं असतं, ते कुठल्याही सूत्रातून निघत नाही.

सुरुवातीला थांबल्यावर एका मिनिटात माझे ठोके १८ने उतरायचे. आता ३०ने उतरतात. जिन्यात काकू भेटल्या. डब्याचा राग अजून गेलेला नव्हता.

"काय हो, तुमची गिरणी मधेच मंद का होते? लाइट जाते का?"

"नाही काकू," मी म्हणालो, "खरं दळण तेव्हाच होतं."