फेर धरणारे हात

वरोऱ्यातील जुन्या व्यापारी घरांत दर्शनी भागी दुकान असे आणि मागे चौक. पर्युषणातील क्षमापना झाली, की भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत त्या चौकात शेजारपाजारच्या मुली भुलाबाई मांडीत. राजस्थानातून येऊन स्थिरावलेल्या जैन घरांतील लेकी-सुनाही त्यांच्यात मिसळत. गाणी वैदर्भी बोलीतली, पावलांत मात्र माहेरच्या घूमरची लय. खिरापत ओळखण्याचा खेळ या घरांत सूर्यास्तापूर्वीच आटोपला जाई.

अशाच एका घरातील सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना ही सारी गाणी मुखोद्गत आहेत. नातीच्या विवाहात मात्र त्या खुर्चीवर बसून राहिल्या. नृत्य बसविणारा शहरातून आलेला, गीत ध्वनिमुद्रित, पावले मोजून ठरलेली. त्यांत गोंधळ नको म्हणून वडीलधाऱ्या स्त्रियांची आसने पहिल्या रांगेत मांडली होती. अनादर कोणीच केला नाही. तरीही आयुष्यभर फेर धरणाऱ्या त्या स्त्रीच्या वाट्याला त्या दिवशी केवळ टाळ्या वाजविणे आले.

खरी हानी येथेच होते. लोकनृत्य एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मधला हात सुटला, की परंपरा खंडित होते. गडचिरोलीच्या माडिया गोंड समाजात आजही रेला नृत्याचा फेर हातांत हात गुंफून धरला जातो. त्या फेरात उतरण्यासाठी रंगमंच लागत नाही.

नृत्य कुलीन घराला शोभत नाही, असे मानणाऱ्यांनी आगमांकडे पाहावे. राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभ देवाने भगवान महावीरांसमोर बत्तीस प्रकारची नाट्ये सादर केल्याचे वर्णन आहे. भक्ती आणि नृत्य यांचे नाते आपल्या परंपरेला नवे नाही.

आरोग्याच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पंचाहत्तरीपुढील 469 व्यक्तींच्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नियमित नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. एवढ्यावरून नृत्याला औषध म्हणता येणार नाही. परंतु गाणे आठवणे, ताल सांभाळणे, तोल राखणे आणि सोबतिणीचा हात धरणे हे सारे त्यात एकाच वेळी घडते. दिवसभर घरात आणि गल्ल्यावर वावरणाऱ्या स्त्रीला असा व्यायाम अन्यत्र क्वचितच लाभतो.

वरोऱ्याला यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. गावाशेजारीच बाबा आमटे यांनी उभारलेले आनंदवन आहे. ज्यांना समाजाने दूर लोटले, ते कुष्ठमुक्त आणि दिव्यांग कलावंत ‘स्वरानंदवन’मधून गातात, नाचतात. शरीर थकले वा अधू झाले म्हणून आनंदाचा अधिकार संपत नाही, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

महिला मंडळांनी एवढे अवश्य करावे. आठवड्यातून एक दुपार राखून ठेवावी, ज्येष्ठ भगिनींना मध्यभागी घ्यावे आणि गाणी त्यांच्याच तोंडून शिकावीत. गुडघे दुखत असतील, त्यांनी बसून ताल धरावा. पण त्यांची खुर्ची फेराच्या आत असावी.