हत्यार हातात धरून

लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये आवळलेलं असतं. हँडल फिरवलं की ते ठरलेल्या फीडनं सरकतं, कट किती घेतला ते डायलवर दिसतं, आणि शंका आली तर हाताशी व्हर्निअर असतोच. आयटीआयमधून टर्नर होऊन मी पिंपरी-चिंचवडला जी नोकरी केली, ती सगळी या शिस्तीत गेली. हातात छिन्नी धरून फिरत्या लाकडाला आकार देणारे लोक मी पाहिले होते ते लहानपणी, सावंतवाडीच्या चितारआळीत. आजोळ तिकडचं. मे महिन्यात मामाबरोबर बाजारात गेलं की मी त्या दारात उभा राहायचो आणि मामा पुढे निघून जायचा.

निवृत्तीनंतर लेकीकडे मिनेसोटाला राहायला आलो. आमच्या उपनगरात वुडटर्निंग क्लब आहे हे जावयाला कळलं आणि एका संध्याकाळी त्यानं मला तिथे नेऊन सोडलं. ‘बाबा, दोन तासांनी घ्यायला येतो,’ म्हणाला. पाळणाघरात पोर सोडून जातात तसा गेला.

भाड्याचा गाळा, भिंतीलगत छोटे-मोठे लेथ, मध्ये खुर्च्या. समोर प्रात्यक्षिकाचा लेथ, त्याच्यावर वाकवलेले कॅमेरे आणि दोन मोठे पडदे, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही छिन्नीची धार दिसावी. जमलेल्यांत निवृत्त मंडळीच जास्त. कोणी दातांचा डॉक्टर होता, कोणी शेतकरी, कोणी विमानांचा मेकॅनिक. दाराशी लाकडाचे ओंडके रचलेले. हवा तो उचला, पैसे नकोत. त्यात निम्म्याहून जास्त ॲश या झाडाचे.

ॲश फुकट मिळतो याला कारण आहे. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगा आशियातून अमेरिकेत आला. 2002 मध्ये तो मिशिगनमध्ये सापडला आणि 2009 मध्ये आमच्या सेंट पॉलमध्ये. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, झाडाचा पाणी-अन्नाचा रस्ताच तुटतो आणि उभं झाड वाळतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेले ॲश नगरपालिका रांगेनं तोडत सुटली. क्लबातल्या कोणाला करवतीचा आवाज आला की तो गाडी घेऊन धावतो. आपल्या घरासमोरच्या झाडाचा वाडगा करून द्या, म्हणून लोक ओंडका घेऊन येतात. करून देतात.

सभेचा पहिला भाग मला कधीच आवडला नाही. जमाखर्च, वर्गणी, पुढच्या महिन्याचं कोण बघणार. सभा म्हटली की जगाच्या पाठीवर कुठेही हेच. त्यानंतर मात्र टेबलावर मांडलेल्या वस्तूंची पाळी येते. प्रत्येकानं आपली वस्तू उचलायची आणि लाकूड कोणतं, पॉलिश कोणतं, कुठे बिघडलं ते सांगायचं. ‘कुठे बिघडलं’ हा भाग कोणी टाळत नाही. वस्तू हातोहात फिरते तेव्हा एक गंमत दिसते. बाहेरचा माणूस वाडगा हातात घेतो आणि वरून बघतो. टर्नर तो आधी उपडा करतो. तळ नीट संपवलाय का, लाकूड पकडणाऱ्या चकच्या जबड्यांच्या खुणा राहिल्यात का, हे बघून झाल्यावरच बाकीचं. मग कोणीतरी सावकाश म्हणतं, ‘बूड जड राहिलंय.’ ज्याचा वाडगा तो मान हलवतो. कारखान्यात इन्स्पेक्शनवाल्याशी आमची भांडणं व्हायची. इथे माणसं आपण होऊन इन्स्पेक्शनला येतात.

पाहुण्यांची प्रात्यक्षिकं हा क्लबाचा खरा जीव. देशभरच्या क्लबांची एक शिखर संस्था आहे, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स. 1986 मध्ये ती सुरू झाली, कचेरी इथेच सेंट पॉलला, आणि तिला जोडलेले क्लब साडेतीनशेहून जास्त. त्यामुळे चांगल्या टर्नरला या गावातून त्या गावात असा दौराच आखता येतो. वर्गणी आणि लाकडाच्या सोडतीतून जमलेल्या पैशातून त्याचं मानधन निघतं. दुसऱ्या दिवशी मोजक्या लोकांसाठी हातानं करून घेण्याचा वर्ग असतो, त्याची फी वेगळी.

सगळेच पाहुणे ऐकण्यासारखे नसतात हेही सांगून टाकतो. काही जण प्रात्यक्षिकाच्या नावाखाली स्वतःची हत्यारं विकायला येतात. काही जण वाडग्यावर इतका रंग चढवतात की खाली लाकूड आहे की प्लॅस्टिक ते कळू नये. आणि पेनं! लाकडी पेन कसं करावं यावर एवढे तास खर्च व्हावेत असं त्यात काही नाही.

इंग्लंडहून आलेला एक पाहुणा मात्र सगळं वसूल करून गेला. तिकडे लंडनमध्ये कातकाम करणाऱ्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली ती 1604 मध्ये. त्या काळी संघाच्या परवानगीवाचून शहरात हा धंदा करायची सोय नव्हती. ‘आणि आज मी समुद्र ओलांडून तुम्हाला सगळं फुकट दाखवतोय,’ असं म्हणून तो हसला. फुकट नव्हतं, पण मुद्दा खरा होता.

त्यानं बर्चचा ओला तुकडा लेथवर चढवला. ओला म्हणजे इतका ओला की पहिल्या कटाला पुढच्या रांगेतल्यांच्या चष्म्यावर पाणी उडालं. चालू करण्याआधी तो फिरणाऱ्या तुकड्याच्या रेषेतून बाजूला झाला, तोंडावर शील्ड ओढली, वेग शून्यापासून हळूहळू वाढवला. वेगाचा इथला ठोकताळा असा: इंचातला व्यास गुणिले आरपीएम, उत्तर सहा हजार ते नऊ हजारांच्या मध्ये ठेवायचं. बारा इंचांचा वाडगा असेल तर पाचशे ते साडेसातशे. हातमोजे नाहीत, लोंबत्या बाह्या नाहीत. हे नियम मला पाठ होते. पुढचं नव्हतं.

पन्हाळीच्या आकाराची छिन्नी, म्हणजे गाउज, त्यानं टूलरेस्टवर टेकवली. धारेमागच्या उताराला बेव्हल म्हणतात. त्या उताराची टाच त्यानं आधी लाकडावर नुसती घासू दिली. काहीच कापलं गेलं नाही. मग उजव्या हातानं मूठ केसभर वर उचलली आणि लांब, ओलसर ढलपी सुटून त्याच्या खांद्यावरून मागे गेली. मूठ खाली केली की कट बंद. हीच त्याची फीड, हाच त्याचा डायल. हात अंगाशी धरलेले. हलत होती ती कंबर. उजव्या पायावरचा भार डाव्या पायावर जाई आणि त्याबरोबर छिन्नी काठापासून मध्यापर्यंत एका वळणात जाई. उतार लाकडावर टेकलेला असला तर हत्यार आत घुसत नाही. तो आधार सोडून नुसती धार लागली, तर ती अडकते आणि तुकडा चकमधून उडतो. दर काही मिनिटांनी तो ग्राइंडरकडे जाई. कोणीतरी विचारलं, बोथट झालीय हे कशावरून? ‘झालेली नाही, म्हणूनच चाललोय,’ हे उत्तर मी आमच्या ॲप्रेंटिसांना द्यायला हवं होतं. धार लावण्याच्याही तऱ्हा आहेत. डेव्हिड एल्सवर्थ हा त्या शिखर संस्थेचा पहिला अध्यक्ष. एवढ्याशा तोंडातून आत हत्यार घालून पोकळ भांडी कोरण्यात त्याचा हातखंडा, आणि त्याच्या नावाची धार आज क्लबाक्लबात लावली जाते.

नंतर पाहुण्यानं दिवे घालवायला सांगितले. वाडग्याच्या बाहेरून एक प्रखर दिवा लावला आणि आतून कोरायला घेतलं. भिंत जाड होती तोवर आतून काळोख. पातळ होत गेली तसा लाकडातून तांबूस उजेड झिरपायला लागला, मग नारिंगी, मग पिवळसर. तो जाडी रंगावरून मोजत होता. सगळीकडे रंग सारखा, तर जाडीही सारखी. मधूनमधून पाण्याचा फवारा, कारण पातळ लाकूड वाळलं की लगेच वेडंवाकडं होतं. काठाकडून सुरुवात करून बोट-दोन बोटं पट्टा पुरा करायचा, मग पुढचा. पुरा झालेल्या पट्ट्याकडे परत जायचं नाही, कारण तोवर त्याची गोलाई हललेली असते. तळाशी पोचता पोचता एका जागी पिवळा एकदम पांढरा झाला. भोक. खोलीत ‘अरेरे’ झालं. त्यानं लेथ थांबवला, भोकात करंगळी घालून दाखवली आणि हे का झालं ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. वाडगा धड निघाला असता तर ती पंधरा मिनिटं मिळाली नसती.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते लाकडाच्या हलण्यानं. लोखंडाचा जॉब लेथवरून उतरवला की संपला. लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेनं जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. म्हणून गोल वाडगा वाळून लंबगोल होतो. यावरचा तोडगा म्हणजे वाडगा दोनदा कातायचा. पहिल्यांदा जाड ठेवायचा, व्यासाच्या एक दशांश, म्हणजे बारा इंचाला सव्वा इंच. आडव्या कापलेल्या रेषांवर मेण लावून कागदी पिशवीत घालून काही महिने विसरून जायचं. मग वाकडा झालेला तो वाडगा परत चढवून गोल करायचा. इथे हिवाळ्यात घरं तापवलेली असतात, हवा कोरडी ठाक. पिशवीत घातलं नाही तर रात्रीत तडा जातो.

टेबलावर मांडायला मी एकदा सावंतवाडीचा लाखकाम केलेला भोवरा नेला. रंग कसा दिला, ब्रशच्या रेघा का नाहीत, यावर त्यांचे तर्क सुरू झाले. मी सांगितलं: रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते आणि मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणायची. विमानांचा मेकॅनिक उठून कपाटाकडे गेला आणि ‘फ्रिक्शन पॉलिश’ची बाटली घेऊन आला. तिच्यावरच्या घटकांत पहिला शेलॅक. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाखच, लाखेच्या किड्यापासून मिळणारी, आणि ती मुख्यतः भारतातून जाते. क्लबातले लोकही ती फिरत्या लाकडावर चिंधीनं घासून उष्णतेवरच चढवतात. मग भोवरा फिरवून पाहण्यासाठी रांग लागली. दोरी गुंडाळणं कोणालाच येत नव्हतं. तेवढा एक विषय मी शिकवला.

मला शिकवलं ते एका निवृत्त नर्सबाईंनी. शिकवण्याचे पैसे क्लबात कोणी घेत नाही. त्यांनी हातात स्क्यू दिली. तिरप्या धारेची ही चपटी छिन्नी भल्याभल्यांना रडवते. पण जमली तर तिच्या कटावर पॉलिश पेपर लावायची गरज राहत नाही. मला लाटणं करायचं होतं. मी ॲशचा तुकडा उचलला, तर बाईंनी तो काढून घेतला. ॲशची छिद्रं मोठी, त्यात कणीक जाऊन बसेल. हार्ड मेपल घे, त्याची वीण घट्ट. त्यांच्या खांद्याजवळ उभं राहून मी आवाज ऐकायला शिकलो. कट बरोबर असला की शीळ घातल्यासारखा एकसारखा आवाज येतो, उतार सुटायला लागला की तो खरखरतो. आकार आपल्या लाटण्याचा, मधे किंचित फुगीर आणि टोकांना मुठी. इथल्या दुकानात मिळणारं जाडजूड लाटणं आमच्या मुलीला कधी पसंत पडलं नव्हतं. हे पडलं, आणि पुढे महाराष्ट्र मंडळातल्या बायकांचे फोन सुरू झाले.

क्लबाचं एक काम आहे, त्याविषयी फार बोललं जात नाही. ‘बीड्स ऑफ करेज’ नावाच्या उपक्रमात गंभीर आजारी मुलांना प्रत्येक उपचारासाठी एक मणी मिळतो. सुईसाठी, शस्त्रक्रियेसाठी, रुग्णालयातल्या रात्रीसाठी वेगवेगळा. ते मणी ठेवायला क्लबातले लोक झाकणाच्या डब्या कातून देतात. डबी मोठी लागते, कारण माळा लांबच लांब होतात. आणि झाकण सैल हवं. एरवी ‘पॉप’ आवाज करत निघणारं घट्ट झाकण हा टर्नरचा अभिमान. इथे ते अशक्त बोटांना एका हातानं उघडता आलं पाहिजे. माझ्या सगळ्या नोकरीत फिट किती घट्ट बसवता येईल याचेच हिशेब होते. हा वेगळा टॉलरन्स मी इथे शिकलो.

पुण्या-पिंपरीत, नाशकात, कोल्हापुरात माझ्यासारखे निवृत्त टर्नर गल्लोगल्ली आहेत. हात तयार आहे, वेळ आहे. एखादा गाळा, एक लेथ, एक चांगला ग्राइंडर आणि दहा खुर्च्या एवढ्यावर महिन्यातून एक संध्याकाळ निघू शकते. कोणी सुरू करणार असेल तर लेथच्या आधी तोंडावरची शील्ड घ्या. आणि पहिला पाहुणा म्हणून सावंतवाडीच्या कारागिराला बोलवा. त्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाचं रोख मानधन द्या. नुसत्या शाल-श्रीफळावर त्याची बोळवण करू नका.